ज्याचा देश, त्याचं टेबल

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि ‘मग पुढे काय झालं’ असं तर अजिबात विचारायचं नाही, कारण पुढचंच सांगतेय मी.

आमच्या मजल्यावरचे मोक काका. त्यांच्या मुलीचं, लोक-यीचं लग्न झालं ना, त्याची मेजवानी होती. इथेच हाँगकाँगात, त्सुन वानला, बाजाराच्या वर, तिसऱ्या मजल्यावरचं ते लाल गालिच्याचं हॉटेल. अठरा टेबलं, दोनशेच्या वर पाहुणे. आणि लग्न मुलीचं असलं तरी घरात चिंता एकाच बाईची होती. वान-सो आत्यांची. म्हणजे मोक काकांची सख्खी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी काकांच्या मुलाच्या लग्नात आत्यांना एकोणीस नंबरचं टेबल मिळालं होतं. आत्यांनी त्या आकड्याकडे बघितलं, मग तिथून मानाचं टेबल किती लांब आहे ते बघितलं, मांडीवरचा रुमाल घडी करून ताटलीत ठेवला आणि भाजलेलं डुकराचं पिल्लू यायच्या आत चालत्या झाल्या. त्यानंतर तीन नवीन वर्षं आली नि गेली, आत्यांनी भावाच्या घराची पायरी चढली नाही.

या वेळी काका स्वतः जाऊन विनवून आले. आत्या म्हणाल्या, “येईन. पण बसले तर शेवटच्या गोड सूपापर्यंत बसेन, नाहीतर लिफ्टमधूनच परत.”

युत-मुई काकूंनी त्याच रात्री निकाल दिला. “अहो, ह्या वेळी जर ताई जेवणातून उठल्या, तर बहीण गेलीच म्हणून समजा. तुमची तुम्ही शोधत बसा.”

आता टेबलांना नंबर दिले की भानगड आलीच. कुणीतरी दोनवर, कुणीतरी सतरावर. चार आणि चौदा तर आपल्याकडे नसतातच, मरणाचे आकडे. म्हणजे सोळाव्याला अठरावा म्हणायचं, तो आणखीच रुसणार. काका दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी दात घासता घासता त्यांना साक्षात्कार झाला, तोंडात फेस तसाच.

“नंबरच नकोत! देशांची नावं देऊ!”

“देशांची?” काकू म्हणाल्या. “आणि मग कोण कुठला देश यावरून भांडणं.”

“अगं साधी नावं नाहीत. आपली नावं!”

तुला सांगायचं राहिलं, काका एकतीस वर्षं एका पेपरात होते. परदेशाच्या पानाची शीर्षकं लिहायचे. आता तो पेपरही नाही आणि ते पानही नाही. पण काकांचा ताठा तसाच आहे. ते म्हणतात, कॅनडाला कॅनडा तर पासपोर्टवरसुद्धा म्हणतात, त्यात काय अक्कल लागते? बातमीत एकदा कॅनडा आला की दुसऱ्यांदा तो ‘मेपलच्या पानांचा देश’ व्हायलाच हवा. इंग्लंड म्हणजे ‘सूर्य न मावळणारा देश’. अमेरिका ‘फुलांच्या निशाणाचा देश’, कारण पूर्वीच्या लोकांना त्या झेंड्यावरचे तारे फुलांसारखे दिसले. सिंगापूर ‘सिंहनगरी’, हॉलंड ‘पवनचक्क्यांचा देश’, फिनलंड ‘हजार सरोवरांचा’. “जगातल्या कुठल्या भाषेत एवढी श्रीमंती आहे सांग,” काका विचारतात, आणि तू सांगायच्या आत तेच सांगतात, “कुठल्याच नाही.”

मग काय, लाल कागद, सोनेरी शाई, जाडा कुंचला. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर कुणाला जेवता आलं नाही. काका एकेक नाव असं लिहायचे की जणू राजाचा शिक्का मारतायत. मानाच्या टेबलाला नाव नको, ते मानाचंच. बाकी सतरा हवी होती. काकू शेजारी बसून एकेक नाव तपासायच्या.

“पिरॅमिडांचा देश? अहो, ती थडगी आहेत! मुलीच्या लग्नात लोकांना थडग्यात जेवायला बसवता?”

पिरॅमिड फाडला.

“लोणच्याचा देश? म्हणजे कोरिया? विहीणबाईंच्या बहिणी बसवल्या आहेत तिथे. त्या काय म्हणतील, आम्ही आंबलेल्या?”

लोणचं फाडलं.

“पांढऱ्या हत्तींचा देश राहू दे. पण तिथे वजनदार कुणाला बसवू नका, मनाला लावून घेतील.”

आणि आत्यांसाठी काकांनी सगळ्यात आवडतं नाव राखून ठेवलं होतं. मानाच्या टेबलाला अगदी खेटून जे टेबल, त्याचं नाव: ‘हजार टेकड्यांचा देश’. रवांडा. आफ्रिकेतला. काका म्हणाले, एकतीस वर्षांत ह्याहून सुंदर नाव माझ्या पानावर आलं नाही. ताईला सगळ्यात जवळचं टेबल आणि सगळ्यात सुंदर नाव. आता कुठून उठून जाईल?

मला सांग, यात चूक काय आहे? काहीच नाही ना? हो, काकांनाही तसंच वाटलं होतं.

मेजवानीच्या दिवशी पत्रिकेवर सहाची वेळ, म्हणजे लोक साडेसातला येणार हे ठरलेलंच. आधी येऊन माहजाँगचे चार डाव टाकून घेणारे तेवढे सहाला हजर. पण त्या दिवशी सहाला आणखी एक माणूस आला. काकूंचा भाऊ बिंग मामा, टोरांटोहून, विमानतळावरून थेट. बॅग ओढत आत शिरला आणि समोरच त्याला कार्ड दिसलं, मेपलच्या पानांचा देश. मामाचे डोळेच भरून आले.

“दाजी! आमची आठवण ठेवलीत! आमच्यासाठी वेगळं टेबल!”

काकांनी तोंड उघडलं, कारण ते टेबल जावईबापूंच्या ऑफिसच्या लोकांचं होतं. पण मामाने तोवर कोट खुर्चीला अडकवला होता आणि फोन काढून गटावर निरोप टाकला होता, की कॅनडावाले सगळे इकडे, आपल्याला खास टेबल आहे. दहा मिनिटांत व्हँकुव्हरची मावशी, तिची तीन मुलं, कॅलगरीचा भाचा, त्याची बायको, सगळे मेपलवर. बारा खुर्च्यांत सतरा माणसं. एक मूल सूपाच्या वाडग्याजवळ.

ते बघून मँचेस्टरला गेलेली मंडळी सूर्य न मावळणाऱ्या देशात जाऊन बसली. सिडनीवाल्यांनी कांगारूंचा देश पकडला. जावईबापूंची एक आत्या उठून फुलांच्या निशाणाच्या देशात गेली. काकूंनी विचारलं, “तुम्ही अमेरिकेत कधी होतात?”

“मी कशाला जाऊ तिकडे? तीस वर्षं दुकानात तिथलीच औषधी मुळी विकतेय. तिचं नावच ‘फुलांच्या निशाणाची मुळी’, म्हणजे निशाण म्हणशील तर माझ्या फळीवर आहे!”

दाराशी लोक-यीच्या मैत्रिणी यादी घेऊन उभ्या होत्या. पण यादीकडे कोण बघतंय? खोलीभर एकच नियम पसरला होता, ज्याचा देश त्याचं टेबल. आणि मग खरा घोळ झाला, बघ. जे कुठेच गेले नव्हते, त्यांचं काय?

तशी साठ-सत्तर माणसं होती. त्सुन वानची, शाम शुई पोची, काकांचे जुने पेपरवाले, आमच्या बिल्डिंगचे. सगळी गालिच्याच्या मधोमध उभी. हातात आहेराची लाल पाकिटं आणि तोंडावर असं काही, की बस स्टॉपवरून शेवटची बस डोळ्यांदेखत गेली.

“मोक, आम्ही कुठे बसायचं रे?” खालच्या मजल्यावरच्या यांग आजोबांनी विचारलं. “आमच्याकडे पासपोर्टच नाही.”

“अहो बसा कुठेही! ती नुसती नावं आहेत!”

“कुठेही कसं? परवा त्या मँचेस्टरवाल्याने मला सांगितलं, की बाबा तुम्ही मागे राहिलात. आता त्याच्या टेबलावर जाऊन बसू?”

नेमक्या तेव्हा लिफ्ट उघडली आणि आत्या आल्या. जांभळा रेशमी कुर्ता, केस पाठीमागे ओढून बांधलेले, छोटी काळी पिशवी छातीशी धरलेली. लोक-यीच्या मैत्रिणीने यादीत बघून सांगितलं, “आत्या, तुम्ही हजार टेकड्यांचा देश.” आत्या तिकडे निघाल्याच होत्या. पण शेजारी काकूंची चुलत बहीण होती ना, तिला कोण आवरणार? तिने फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचलं.

“अगं बाई, हा तर आफ्रिकेत! ताई, तुम्हाला थेट आफ्रिकेत पाठवलंय. आणि ते मेपलवाले बघा, कसे ऐसपैस!”

ऐसपैस कसले, मांडीवर मांडी होती. आत्यांचा चेहरा दगडासारखा. त्या शांतपणे चालत हजार टेकड्यांपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. ते टेबल अख्खं रिकामं होतं, कारण रवांडात कुणाचाच भाऊ-भाचा नाही.

काकांनी माईक घेतला. “मंडळी, कृपा करून यादीप्रमाणे बसा. मेपल म्हणजे कॅनडातले लोक असं नाही...”

“म्हणजे काय, दाजी?” मामा उभा राहिला. “एकोणतीस वर्षं मी दारातला बर्फ उपसतोय. माझी कंबर गेली त्या मेपलपायी! आणि आज तुम्ही मला म्हणता हे टेबल माझं नाही?”

टाळ्या! कॅलगरीच्या भाच्याने तर शिट्टी मारली.

हॉटेलचा कॅप्टन छोय एवढा वेळ हात मागे बांधून उभा होता. त्याची तऱ्हाच वेगळी. तो काकांच्या कानाशी आला. “मोक साहेब, आत अठरा पिल्लं भाजून तयार आहेत. कातडी कुरकुरीत आहे ती आणखी दहा मिनिटं. नंतर चपलेसारखी होईल. माझ्या पोरांना तुमचे सूर्य-चंद्र कळत नाहीत. कुणाला शिंपलं चालत नाही, कुणाचा उपास, सगळं नंबरावर लिहिलंय. मी माझे नंबर लावतो.”

“नंबर नको!” काका ओरडले, पण छोयची पोरं प्लास्टिकचे आकडे घेऊन निघालीसुद्धा. आणि त्या हॉटेलात आकडे लिफ्टपासून सुरू होतात. म्हणजे दाराजवळचं एक, आणि जसजसं मानाच्या टेबलाकडे जावं तसतसा आकडा मोठा. मानाचं टेबल वीस. आणि त्याच्या शेजारचं?

हो.

पोराने तो आकडा आत्यांच्या समोर नेऊन उभा केला. एकोणीस. आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. पिशवीची चेन लावली. वळल्या.

काका पळाले. सत्तर वर्षांचा माणूस, नवा कोट, नवे बूट, गालिच्यावरून असे घसरत गेले की यांग आजोबांनी पाय आत घेतले. त्यांनी तो एकोणीस उचलून कोटाच्या आत कोंबला आणि आत्यांच्या समोर उभे राहिले.

“ताई, एक मिनिट. फक्त एक मिनिट.”

“बोल.”

काय बोलणार? मागे साठ-सत्तर माणसं बिनटेबलाची. समोर बहीण, हातात पिशवी. काकांनी इकडे तिकडे बघितलं, पाहुण्यांच्या सह्या घ्यायला ठेवलेलं जाडं सोनेरी पेन ओढलं आणि पदार्थांच्या यादीचं लाल कार्ड उलटं केलं. त्यावर लिहायला लागले. घाई एवढी, पण अक्षर? अक्षर तसंच, शिक्का मारल्यासारखं. त्यांनी ‘हजार टेकड्या’ बाजूला केल्या आणि तिथे नवं कार्ड ठेवलं. ‘सुगंधी नदी’.

आता हे नाव तुला सांगायला नको. जुन्या पेपरांत हाँगकाँगला असंच लिहायचे. यांग आजोबांनी ते वाचलं आणि खुर्ची ओढली.

“हे घ्या. हे आमचं. चला रे!”

बारा खुर्च्यांवर वीस जण बसले, बाकीचे खुर्च्या ओढत आले. मामा मेपलवरून मान उंच करून म्हणाला, “दाजी, हा काय देश आहे का?”

“टेबल आहे!” काका म्हणाले. “तू गप बस, तुला मिळालाय तुझा देश.”

आणि त्याच वेळी, काय सांगू तुला, छोयची दहा मिनिटं संपली. त्याने दिवे घालवले.

पिल्लांची मिरवणूक! अंधार, ढँटढँ संगीत, आणि अठरा पोरं डोक्यावर ताटं धरून एका ओळीत, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यांत लाल दिवे लुकलुकतायत. एरवी लोक टाळ्या वाजवतात. त्या दिवशी टाळ्यांऐवजी खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. खरर्र, खरर्र. कुणीतरी म्हणालं, “पाय बघ रे.” कुणीतरी म्हणालं, “मी आधी आले होते.” एक पिल्लू हेलकावलं, सावरलं.

दिवे लागले. सतरा पिल्लं सतरा रिकाम्या टेबलांसमोर उभी. मेपल रिकामं. सूर्य न मावळणाऱ्या देशात एक कोट आणि अर्धा ग्लास. कांगारू ओस. अख्खी दोनशे माणसं सुगंधी नदीभोवती, खुर्च्यांच्या सात रांगा, मुलं खांद्यांवर. बिंग मामा सगळ्यात आत, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून.

“मी ह्याच रस्त्यावर जन्मलोय!” तो रडकुंडीला येऊन ओरडत होता. “कॅसल पीक रोड! विचारा कुणालाही!”

“मग बर्फ कोण उपसेल?” यांग आजोबा म्हणाले.

“मी पण जन्मलेय!” मँचेस्टरची सून म्हणाली. “दोनच वर्षं झाली जाऊन. दोन वर्षं काय मोजायची?”

काकूंनी कपाळाला हात लावला. विहीणबाई आणि व्याही मानाच्या टेबलाशी ग्लास हातात धरून उभे, कारण पहिला ग्लास मुलीच्या बापाबरोबर उचलायचा असतो, आणि मुलीचा बाप त्या गर्दीत दिसतच नव्हता.

तेव्हा कुणीतरी टेबलावर चमचा आपटला. तीनदा. आत्या. त्या गेल्या नव्हत्या! सगळ्यात जवळ त्याच उभ्या होत्या ना, म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच खुर्ची मिळाली होती, मानाच्या टेबलाकडे तोंड करून, अगदी मधली.

“गप्प!” आत्या म्हणाल्या. आणि दोनशे माणसं गप्प. “बिंग, मेपलच्या पानांवर जा. तिकडे तुझा कोट आहे.”

“पण ताई...”

“जन्मलास इथे, ते कुणी खोडलंय? जेवायला तिकडे जा. तू, मँचेस्टर, सूर्याकडे. ऑफिसची पोरं पवनचक्क्यांत, खिडकीपाशी, वारा आहे. पेपरवाले हजार सरोवरांत, नाहीतरी पीतच बसणार. शिंपलं न चालणारे सिंहनगरीत या, म्हणजे ह्या पोराला एकदाच सांगता येईल. त्या उचललेल्या टेकड्या इकडे आणा, कोपऱ्यातलं जादा टेबल मांडा, बिल्डिंगवाले अर्धे तिथे.”

यादी नाही, कागद नाही. एकेक कार्ड लांबून वाचायच्या आणि माणसं पाठवायच्या. कुणाची हूं की चूं करायची हिंमत नाही. छोय कॅप्टन तर त्यांच्यामागे हात बांधून उभा राहिला, जणू त्याच्या मालकीणबाई. सात मिनिटांत सगळे बसले, पिल्लं टेबलांवर आली आणि कातडी, अगं, अजून कुरकुरीत होती!

त्या फोनवाल्या चुलत बहिणीला राहवलं नाही. “ताई, तुम्हाला इतक्या देशांची ही नावं कशी ठाऊक? त्या टेकड्या कुठल्या हे तर मला शोधावं लागलं.”

“मला नाही लागलं,” आत्या म्हणाल्या. “मी शाळेत गेले कुठे? घरी बसून प्लास्टिकची फुलं जोडायची, ह्याची फी भरायची. मोठेपणी ह्याला पेपरात नोकरी लागली तेव्हा म्हटलं, बघू तरी काय लिहितो. रोज एक शीर्षक. भाजीवालीकडून वाचून घ्यायचे, मग स्वतः गिरवायचे. एकतीस वर्षं. माझ्या ओळखीचे जेवढे देश आहेत ना, ते सगळे ह्याच नावांचे आहेत. आफ्रिकेत टाकलं म्हणून मी निघाले असं वाटलं तुम्हाला? टेकड्या वाचून तर मला बरं वाटलं होतं. मी निघाले ती त्या आकड्यामुळे.”

काका तिथेच उभे होते. त्यांना हे काही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, ती शीर्षकं दुसऱ्या दिवशी मासे गुंडाळायला जातात. त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं हे चेहऱ्यालाच कळेना, मान मात्र हळूहळू वर, छाती हळूहळू पुढे, कोटाचं बटण ताणलेलं.

आत्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. “बस, हेई.” हेई म्हणजे काकांचं घरचं नाव.

आणि पलीकडून काकू, दातांवर दात, “अहो! इकडे! व्याही थांबलेत!”

व्याह्यांचा ग्लास हवेत. लोक-यी बघतेय. छोय पिल्लाच्या मानेवर सुरा धरून बघतोय, कुठल्या टेबलावर आधी कापायचं. आत्यांचा हात खुर्चीवर, पिशवी मांडीवर.

काका बसले. आत्यांच्या शेजारी. तिथूनच ग्लास उचलला आणि खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, “व्याहीबुवा, सुगंधी नदीवरून, तुमच्या नावाने!”

आत्या गोड सूप संपवून, दुसरी वाटी मागून, सगळ्यात शेवटी गेल्या. परवा तर स्वतःहून काकांच्या घरी येऊन गेल्या. पण व्याही तेव्हापासून फोनवर फक्त ‘हं’ म्हणतात, आणि युत-मुई काकू सोळा दिवस झाले काकांशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. चहा झाला की भिंतीला सांगतात. आणि काका? रोज लिफ्टमध्ये भेटतात, ताठ, हसरे, आणि सगळ्यांना विचारत सुटलेत, की मी चुकलो का?

मलाही विचारलं. आता बोल तू, काकांच्या जागी उभी राहून. तुझी ताई खुर्ची थोपटतेय, तुझी बायको दात खातेय, व्याह्यांचा ग्लास हवेत आहे आणि पिल्लू गार होतंय. काय केलं असतंस गं तू?